कंपनीतर्फे साळवे अण्णा

साळवे अण्णांच्या फाटकावर एक पाटी होती. इंदिरानगरात तेव्हा घरं कमी आणि बाभळी जास्त. जी काही घरं होती त्यांच्या फाटकांवर 'कुत्र्यापासून सावध राहा' असं लिहिलेलं असायचं, मग घरात कुत्रा असो वा नसो. अण्णांच्या पाटीवर मात्र त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'नोटीस आणली असल्यास सरळ आत यावे. कुत्रा नाही.'

नवा माणूस ही पाटी वाचून दोन पावलं मागे सरकायचा. नोटीस म्हटलं की लोक मागच्या दारानं पसार होतात, आणि हा गृहस्थ तिला पुढच्या दारानं बोलावतोय! "तुमच्या त्या अण्णांचं डोकं ठिकाणावर आहे ना?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. कारण अण्णा आणि मी एकाच ऑफिसात होतो. मी सांगायचो, "डोकं अगदी ठिकाणावर आहे. अण्णाच ठिकाणावरून हलत नाहीत, ही अडचण आहे."

त्याचं असं झालं. ऐंशी सालाच्या आगेमागे हॉलंडच्या एका कंपनीनं नाशकात शाखा उघडायचं ठरवलं. कांदा निवडायची, कापायची आणि वाळवायची यंत्रं बनवणारी कंपनी. हॉलंडात कांदा पिकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. नाशिकच्या कांद्याचं नाव हॉलंडपर्यंत गेलंय, याचं मात्र काही आश्चर्य वाटलं नाही. शरणपूर रोडवर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, मी हिशेबनीस म्हणून लागलो आणि तिकडून एक साहेब आले. त्यांचं नाव योरिस. पण स्पेलिंग 'जे'पासून, त्यामुळे घरमालकापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना जोशीसाहेब म्हणायला लागले. साडेसहा फूट उंची, वाळल्या गवतासारखे केस, आणि नाव जोशी. सुरुवातीला त्यांनी लोकांना दुरुस्त करून पाहिलं. मग सोडून दिलं. एकदा खालच्या किराणा दुकानदारानं नव्या वजनकाट्याचा मुहूर्त विचारायला त्यांच्याकडे माणूस पाठवला, तेव्हा त्यांनी शांतपणे कॅलेंडर बघून गुरुवार सांगितला.

परदेशी कंपनीची शाखा इथं नोंदवायची म्हणजे त्या काळी मुलीचं लग्न जमवण्यापेक्षा अवघड. रिझर्व्ह बँकेची परवानगी, दिल्लीला कागद, मुंबईला कागद. कंपनीची मूळ घटना डच भाषेत, म्हणून तिचं इंग्रजी भाषांतर हवं. भाषांतर खरं आहे असा दाखला हवा, आणि दाखला देणारा माणूस खरा आहे असाही दाखला हवा. जोशीसाहेब एकदा वैतागून मला म्हणाले, "आमच्या देशानं समुद्र मागं हटवलाय. पण त्याला इतक्या सह्या लागल्या नव्हत्या."

अण्णा ऑफिसात आले ते याच धामधुमीत. किसन साळवे, नुकतेच निवृत्त झालेले कोर्टाचे बेलिफ. जन्मभर समन्स बजावायची, नोटिसा द्यायच्या, कधी जप्ती, कधी घराचा ताबा. बारीक चण, ताठ कणा, इस्त्रीची पांढरी टोपी आणि पायांत गावभर हिंडून टाचा तिरक्या झालेल्या चपला. ऑफिस उघडायचं, टपाल सांभाळायचं, आल्यागेल्याला बसवायचं, एवढंच त्यांचं काम होतं. पण बेलिफाची भाषा काही निवृत्त झाली नव्हती. दूधवाला आला नाही तर अण्णा म्हणायचे, "गैरहजर. एकतर्फी चालवा," आणि काळा चहा करायचे. मांजरानं काही सांडलं की पंचनामा. घरी काकूंनी जेवायला हाक मारली की, "समन्स मिळालं, हजर होतो." आणि कुठलंही काम पुरं झालं, मग ते पत्र टाकणं असो की दाढी करणं, की दोन्ही हात झटकून म्हणायचे, "बजावणी झाली!"

नोंदणीच्या कागदात एक कलम होतं. कंपनी परदेशात, तिच्यावर उद्या इथं कुणी दावा लावला तर नोटीस द्यायची कुणाला? म्हणून भारतात राहणाऱ्या एका माणसाचं नाव आणि पत्ता द्यायचा. त्याला नोटीस पोचली की ती कंपनीला पोचली असं कायदा धरतो. मुंबईच्या वकिलांनी पत्रानं विचारलं, कुणाचं नाव घालू? जोशीसाहेबांनी मला विचारलं, "आपल्यात कधीही जागेवर सापडणारा माणूस कोण?" मी काही बोलण्याआधीच बाहेरून स्टुलावरून आवाज आला, "हजर हाय!" अण्णांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. साहेब जोरात बोलले म्हणून आपल्यालाच हाक मारली, असं त्यांना वाटलं होतं.

असं त्यांचं नाव लागलं. मी कलम मराठीत समजावून सांगितलं तेव्हा अण्णा स्टूल ओढून जवळ बसले. मग म्हणाले, "म्हणजे भाऊसाहेब, नोटीस आता माझ्याकडं येणार?"

"आलीच तर."

"मी दार उघडणार, आणि तो मला देणार?"

"हो. पण अण्णा, येऊ नये अशीच आपली इच्छा."

"आपली म्हणजे कंपनीची," अण्णा म्हणाले आणि टोपी सारखी केली.

मग ऑफिसच्या पाटीची गंमत झाली. कंपनीचं नाव आणि तिचा देश इंग्रजीत आणि इथल्या भाषेत दाराबाहेर लावलाच पाहिजे, असा नियम. कंपनीचं नाव होतं 'स्ख्राउवेनबर्ख'. पेंटरनं डोक्याला हात लावला. "साहेब, एवढं जोडाक्षर ह्या फळीवर उभंच राहणार नाही." नेमका उच्चार कळावा म्हणून जोशीसाहेबांनी तो करून दाखवला. शेवटचा 'ख' त्यांनी घशातून असा काही काढला की अण्णा धावत पाण्याचा तांब्या घेऊन आले. पाटी अखेर लागली, पण गावानं नाव घेतलं ते 'खरवडबर्गी' असं. पाटीवर हॉलंड वाचून माणसं जिना चढून वर यायची आणि विमानाचं तिकीट विचारायची.

पाटीवर कंपनीच्या जबाबदारीपुढे 'मर्यादित' हा शब्दही लिहावा लागला होता. तो अण्णांना मुळीच आवडला नाही. "जबाबदारी कशी काय मर्यादित?" असं ते पुटपुटत. स्वतःची त्यांनी कधी मर्यादित ठेवली नाही. कागदावर पत्ता त्यांच्या घरचा होता. नोटीस आली आणि दाराला कुलूप दिसलं तर? म्हणून दाराला कुलूप लावणंच बंद झालं. शेजारी लग्न असेल तर एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनातल्यासारख्या पाळ्या लागायच्या. अक्षता टाकायला काकू जायच्या, त्या परतल्या की पंगतीला अण्णा. बुद्धपौर्णिमेला विहारात आधी काकू, मग अण्णा. एकुलती एक लेक मालेगावला दिलेली. जावयाचे स्वतःचे माग होते आणि स्वभावही चांगला. लेक दर सणाला बोलवायची. काकू एकट्याच एसटीनं जाऊन यायच्या. अण्णांचा निरोप ठरलेला, "मी हललो तर कंपनी हलली असं होईल."

काकू मला म्हणायच्या, "भाऊजी, ह्यांना एखादी नोटीस द्या हो कुणीतरी. एकदा येऊन जाऊ दे बाई. बाळंतिणीला वाट बघावी लागत नाही इतकी बघतात."

आणि खरंच वाट बघायचे. रविवारी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. रस्त्यानं खाकी दिसलं की उभे राहायचे. बहुतेक वेळा तो पोस्टमन असायचा. तो दुसरीकडे वळला की अण्णा पुन्हा बसायचे. आम्ही हसायचो. मलाही वाटायचं, नोकरी संपली तरी कोर्टाचं वारं अंगातून गेलं नाही, एवढंच.

शेवटी नोटीस आली. म्हणजे यायची वेळ आली.

निफाडकडचे बोरस्ते तात्या म्हणून एक बागाईतदार होते. त्यांनी आमच्या कंपनीचं कांदा वाळवायचं यंत्र हौसेनं घेतलं. नारळ फुटला, पेढे वाटले, यंत्र सुरू झालं. पण कांदा वाळेना, भाजायला लागला. गावभर असा वास सुटला की बाया विचारायला लागल्या, जेवणावळ कुणाकडे आहे. तात्यांनी चार वेळा निरोप धाडले. आम्ही ते हॉलंडला कळवले. हॉलंडहून उत्तर आलं की यंत्र उत्तम आहे, कांदा तपासा. हे उत्तर तात्यांना वाचून दाखवायची पाळी माझ्यावर आली. तात्या म्हणाले, "आमचा कांदा तपासा म्हनं! बापजाद्यापासून कांदा पिकवतो आम्ही. आता कोर्टातच तपासू." आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी दावा लावला.

जोशीसाहेब तेव्हा नाताळसाठी मायदेशी गेले होते. मुंबईच्या वकिलांचा ऑफिसात फोन आला. ते म्हणाले, "समन्स निघालंय. साहेब येईपर्यंत ते बजावलं जाता कामा नये. तुमच्या त्या साळव्यांना कुठंतरी नातेवाइकांकडे पाठवून द्या. घराला कुलूप. बेलिफ दोनतीनदा येईल, परत जाईल, तारीख पुढं जाईल. आपल्याला वेळ मिळेल."

मी सायकल काढली आणि इंदिरानगरला गेलो. अण्णा ओट्यावरच होते. मी निरोप सांगितला. काकू दाराआडून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "मग चला की मालेगावला! कंपनीच म्हणतेय आता. पोरगी किती दिवसांपासून बोलावतीय." आणि त्या ट्रंक काढायला आतही गेल्या.

अण्णा उठून दाराच्या कडीला हात लावून आले. मग त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, दाराला कुलूप घालायचं म्हणता?"

"वकील म्हणतात."

"आन् तो पोरगा येणार. सायकल हाणत, इतक्या लांब. कुलूप बघणार."

"अण्णा, त्यांचं कामच ते. तुम्हाला काय सांगायचं?"

"हां, मला काय सांगायचं." अण्णा हसले, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. "जन्म गेला माझा लोकांच्या दारात. दिसलो की आतली कडी वाजायची. चूल पेटलेली दिसायची, पोरगं बाहेर येऊन सांगायचं, बाबा घरी नाहीत. बाबांच्या चपला तिथंच असायच्या. कुणी कुत्रं सोडायचं. उन्हाचं पाणी मागायचीबी चोरी. काही दारात तर, भाऊसाहेब, मी नोटीस न घेता गेलो असतो तरी तेच झालं असतं. तो इषय वेगळा." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कुणाचा राग नाय मला. नोटीस कुणाला आवडती? पण एवढ्या वर्षांत कुणी 'या' म्हणालं नाही हो. नुसतं 'या'. कागद घेऊ नका पायजे तर, पण माणूस आलाय ना दारात. म्हणून साहेबानं माझं नाव घातलं तवा मी ठरवलं, आपल्या दारात येईल त्याला 'या' म्हणायचं. आता तो खरंच यायला निघालाय, आन् तुम्ही कुलूप लावा म्हणता."

आत ट्रंकेचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला. काकू बाहेर आल्या. त्यांचे डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीसारखाच करडा. "पोहे भिजवून ठेवते मग रोज," त्या म्हणाल्या. "कधी येईल नेम नाही."

मी वकिलांना फोन करून सांगितलं की साळवे जायला तयार नाहीत. पलीकडून जे ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बेलिफ आला त्या सकाळी मी तिथंच होतो. अण्णांचं मन वळवायचा शेवटचा प्रयत्न करा, असा वकिलांचा हुकूम होता. तो बजावायला मी गेलो आणि काकूंच्या हातचा चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात फाटकाशी सायकल थांबली. कोवळा पोरगा, नुकता नोकरीला लागलेला, खाकी पिशवी पोटाशी धरून. त्यानं फाटकावरची पाटी वाचली, आजूबाजूला पाहिलं आणि पुन्हा वाचली.

"या!" अण्णा ओट्यावरून गरजले. इतक्या वर्षांचा साठलेला 'या' तो. पोरगा दचकून सायकलसकट मागे झाला.

"किसन... किसन साळवे इथंच राहतात?"

"मीच. या, बसा. आधी पाणी घ्या."

"सही पाहिजे होती. समन्स आहे."

"माहीत हाय. आधी पाणी."

पोरगा खुर्चीच्या कडेवर टेकला. पाणी आलं, पोहे आले, वर खोबरं-कोथिंबीर, मग चहा आला. तो एकदा पोह्यांकडे बघे, एकदा दाराकडे. मला हळूच म्हणाला, "साहेब, हे काही... म्हणजे मी असं काही घेत नाही हो. माझी नवी नोकरी आहे." त्याला वाटलं, पोहे लाच म्हणून आहेत. अण्णांना ते ऐकू गेलं. ते म्हणाले, "बरोबर हाय तुझं. आण इकडं." त्यांनी समन्स घेतलं, चष्मा लावला, उभं राहून सही केली, कागद कपाळाला लावला आणि हात झटकले. "बजावणी झाली. तुझं काम संपलं. आता लाच कशाची? खा."

पोरगा हसला आणि मग खरंच खाल्लं. मागून घेऊन खाल्लं.

जोशीसाहेब जानेवारीत परतले ते वकिलांचं पत्र खिशात घेऊनच. साळव्यांचं नाव काढा, दुसरं घाला, असं त्यात होतं. साहेबांनी अण्णांना समोर बसवलं. मी दुभाषी. साहेबांनी विचारलं, "तुम्ही कंपनीचं नुकसान का केलंत?"

अण्णा म्हणाले, "भाऊसाहेब, साहेबांना सांगा, ह्या देशात कंपनीचं तोंड म्हणून माझं नाव लिहिलंय. मी लपलो असतो तर लोक म्हणाले असते, कंपनी तोंड लपवून बसली. बोरस्ते तात्या काय वाघ हाय का? माणूस हाय. त्यानं नोटीस धाडली म्हणजे हाक मारलीय. चार वेळा साधी मारली, कुणी ओ दिली नाही, म्हणून आता कोर्टातून मारतोय. तुम्ही ओ द्या."

मी शब्दाला शब्द सांगितला. जोशीसाहेबांनी वकिलांचं पत्र घडी घालून परत खिशात ठेवलं. मग म्हणाले, "जीप सांगा." आम्ही तिघे त्याच दुपारी निफाडकडे गेलो. तात्या खळ्यावरच होते. अण्णा पुढं झाले, म्हणाले, "तात्या, मी कंपनीतर्फे. तुमची नोटीस पोचली." तात्यांनी हातातलं टोपलं खाली ठेवलं. मग ते म्हणाले, "या."

साहेबांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि अंधार पडेतो यंत्राच्या पोटात शिरून बसले. दोष सापडला. आमच्याकडच्या विजेची खालीवर उडी त्या यंत्राला सोसत नव्हती. हॉलंडात वीज एका चालीनं चालते, आमची नाचत येते. साहेबांनी आपली चूक तिथंच कबूल केली. तात्यांनी त्यांना पिठलं, भाकरी आणि वाळवायला ठेवलेलाच एक कांदा बुक्कीनं फोडून दिला. पुढच्या तारखेला कोर्टात तडजोड झाली. अण्णांचं नाव कागदावर तसंच राहिलं. साहेबांनी वकील बदलला.

तरी कंपनी काही फार दिवस टिकली नाही. यंत्र दुरुस्त झालं, पण लोकांच्या लक्षात आलं की आपल्याकडं ऊन फुकट पडतं आणि तेही कांदा वाळवतं. काही वर्षांनी हॉलंडहून शाखा बंद करायचा निर्णय आला. नोंदणीला लागले त्याच्या निम्मे कागद ती मोडायला लागले. नोटीस घ्यायचं अण्णांचं कामही त्याबरोबर संपलं. जोशीसाहेब निघायच्या दिवशी अण्णांचा हात हातात धरून बराच वेळ उभे होते. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, म्हणून बरं. दोघांनाही बोलावं लागलं नाही.

मला सातपूरला एका कारखान्यात नोकरी लागली. नव्या नोकरीच्या रगाड्यात अण्णांकडे जाणं राहून गेलं. एकदा काकू मेनरोडवर भेटल्या. म्हणाल्या, "अखेर गेलो बाई मालेगावला दोघं जोडीनं. पोरगी नुसती नाचत होती. पण आठवड्यात ह्यांची भुणभुण सुरू. चल, घरी जाऊ. म्हटलं, आता कशाला? तर काही सांगेनात." मी विचारलं, "मग?" त्या म्हणाल्या, "मग काय, तुम्हीच या एकदा. बघा येऊन."

एप्रिलातल्या एका दुपारी मी गेलो. ऊन असं होतं की रस्त्यावर कावळाही नव्हता. अण्णांचं दार सताड उघडं. मी हाक मारणार तेवढ्यात काकूंनी आतून तोंडावर बोट ठेवलं.

बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर तो बेलिफ पोरगा गाढ झोपला होता. आता मिशा फुटल्या होत्या. उशाशी खाकी पिशवी, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. वीज गेली होती. अण्णा जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि पुठ्ठ्यानं त्याला वारा घालत होते.

मी दारातच थांबलो. त्यांनी मान वर करून मला पाहिलं. हात थांबू न देता, ओठांतल्या ओठांत म्हणाले, "या. पण हळू बोला, भाऊसाहेब. सकाळपासून कुणी दार उघडलं नाही त्याला."